फ्लॅट भाड्याने देताना: पैशाचे आणि कायद्याचे धोके, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाकडमधला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट २०११ पासून भाड्याने आहे. राहतो त्या कोथरूडच्या सोसायटीत मी सहा वर्षं सेक्रेटरी होतो, त्यामुळे घरमालकाची बाजू स्वतःची म्हणून आणि सोसायटीची बाजू कामाचा भाग म्हणून, दोन्ही जवळून पाहिल्या. खालचे प्रश्न लोकांनी जिन्यात, फोनवर, वार्षिक सभा संपल्यावर थांबवून विचारलेले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या राहत्या घरांपुरती आहेत. इतर राज्यांत कायदा वेगळा आहे.

भाडेकरू बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं, हे खरं आहे का?

नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. बारा वर्षांची गोष्ट मुदतीच्या कायद्यातली (लिमिटेशन अॅक्ट, दावा किती वर्षांत लावायचा ते ठरवणारा कायदा) आहे आणि ती मालकाच्या हक्काला आव्हान देऊन, उघडपणे ताबा ठेवणाऱ्याबद्दल आहे. भाडेकरू तुमच्या परवानगीने राहतो, तुम्हाला भाडं देतो, म्हणजे तुम्हीच मालक आहात हे दर महिन्याला मान्य करतो. तो बारा काय, वीस वर्षं राहिला तरी त्या आधारावर मालक होत नाही. मात्र हे दाखवायला कागद लागतो. तोंडी दिलेलं घर, भाड्याची पावती नाही, बँकेत नोंद नाही, अशी बारा वर्षं गेली तर 'परवानगीने राहत होता' हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं.

ही भीती आली कुठून, तेही सांगतो, कारण ती निराधार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. त्यातून वाट काढायला लोक 'लीव्ह अँड लायसन्स'वर, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती फक्त राहण्याची परवानगी देऊन, जागा देऊ लागले. मग १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचं लायसन्स चालू होतं आणि जे जागेत राहत होते, ते एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. ज्यांनी अकरा महिन्यांसाठी जागा दिली होती त्यांच्या हातून ती पिढ्यान्‌पिढ्यांसाठी गेली. मुंबईत कित्येक घरांनी त्यानंतर रिकामे फ्लॅट कुलूप लावून ठेवले, ते या आठवणीमुळे. आजचा कायदा, म्हणजे ३१ मार्च २००० पासून लागू झालेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, लायसन्सवर दिलेल्या घराच्या बाबतीत मालकाच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. फक्त त्याचा फायदा कागद नीट असेल तरच मिळतो.

अकरा महिन्यांचा करार नोटरी केला तर चालतो ना?

महाराष्ट्रात चालत नाही. अकरा महिन्यांची पद्धत आली ती केंद्राच्या नोंदणी कायद्यामुळे. त्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून देशभर लोक अकरावर थांबतात. आपल्याकडे १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो तीन महिन्यांचा का असेना. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

त्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट त्याच कलमात आहे. करार नोंदवलेला नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं असल्याचं तुम्ही सिद्ध करेपर्यंत. तुम्ही म्हणाल भाडं बावीस हजार, तो म्हणेल चौदा. शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून वाचवलेले दीड हजार रुपये असे परत येतात.

नोंदणीला खर्च किती येतो?

लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप कमी. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का आहे. परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ती रक्कमही भाड्यात मिळवतात. महिना २२,००० भाडं, ७५,००० डिपॉझिट, अकरा महिने असा करार असेल तर शुल्क सव्वासहाशेच्या आसपास बसतं. नोंदणी फी शहरी भागात १,०००, ग्रामीण भागात ५००. एजंटची फी त्यावर वेगळी.

यातच एक हिशोब आहे जो एजंट सांगत नाही. तोच करार छत्तीस महिन्यांचा केला तर शुल्क साधारण २,०३६ आणि फी एकदाच १,०००. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार केले तर खर्च जास्त, एजंटची फी तीनदा, आणि मध्ये करार संपून राहण्याचा धोका तीनदा. साठ महिन्यांपर्यंत करार करता येतो. मी आता चोवीस महिन्यांचा करतो. दर वर्षी भाडं किती वाढणार हे आकड्यात लिहितो आणि दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस ठेवतो.

आजकाल नोंदणी ऑनलाइन होते. आधार लागतं, दोन साक्षीदार लागतात, थंब घ्यायला माणूस मशीन घेऊन घरी येतो. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर दोघांचीही नावं मालक म्हणून घाला.

करार संपला, पण भाडेकरू चांगला आहे. लगेच नवा करार केला पाहिजे का?

हो, आणि या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. त्रास देणारा भाडेकरू आपण पहिल्या महिन्यात ओळखतो. करार संपून जातो तो नेहमी चांगल्या भाडेकरूच्या वेळी, कारण कुणालाच घाई नसते.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एक तरुण जोडपं राहत होतं, भाडं पाच तारखेच्या आत येणारं. करार ३१ मार्च २०२० ला संपत होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात नवीन करार करू असं ठरलं होतं, मी म्हटलं, महिनाअखेरीला बघू. पंचवीस तारखेपासून देशभर सगळं बंद झालं. एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागानेही भाडेवसुली निदान तीन महिने पुढे ढकला, कुणाला घराबाहेर काढू नका असं घरमालकांना सांगितलं, आणि ते योग्यच होतं. मे महिन्यात त्या मुलाची नोकरी गेली. मी अर्धं भाडं घ्यायला सुरुवात केली, फोनवर ठरवून, कुठेही न लिहिता. ऑगस्टनंतर तेही थांबलं. ऑक्टोबरमध्ये वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'मुदत संपल्यावर तुम्ही पैसे घेतलेत का?' घेतले होते. म्हणजे समोरचा म्हणू शकत होता की नव्या तोंडी अटींवर मी त्यांना ठेवलं आहे. माझ्याकडे त्याविरुद्ध एक ओळसुद्धा नव्हती. शेवटी बसून बोललो. तीन महिन्यांचं भाडं मी सोडलं, बाकीचं डिपॉझिटमधून वळतं केलं, आणि नोव्हेंबरच्या शेवटी त्यांनी किल्ल्या दिल्या. ती माणसं वाईट नव्हती. मी मार्चच्या त्या आठवड्यात दीड तास काढला असता तर दोघांचीही झोप उडाली नसती.

मुदत संपण्याच्या पंचेचाळीस दिवस आधी फोनमध्ये गजर लावा. त्या दिवशी विचारा, राहणार की जाणार, आणि उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर का होईना. पुढचा करार जुन्याची मुदत संपायच्या आत नोंदवा.

मुदत संपली तरी तो जात नाही. मग?

करार नोंदवलेला असेल आणि घर राहण्यासाठी दिलेलं असेल तर कलम २४ तुमच्यासाठी आहे. दिवाणी न्यायालयात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. मुदत संपल्यावर ताबा न देणाऱ्याकडून कराराच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. लेखी करारात जे लिहिलं आहे तो निर्णायक पुरावा मानला जातो, म्हणजे 'खरं तर मी भाडेकरू होतो, लायसन्स नावापुरतं होतं' ही ओरड तिथे चालत नाही. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने बचावाची परवानगी प्रतिज्ञापत्रासह मागायची असते. नाही मागितली तर तुमचं म्हणणं त्याने कबूल केल्यासारखं धरतात.

कागदावर हे झटपट आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात, महिने जातात, वकिलाची फी द्यावी लागते. तरीही दिवाणी दाव्याच्या वर्षांपेक्षा हा रस्ता फार बरा.

दुकान किंवा ऑफिसला हे कलम लागू नाही, हे विसरू नका. व्यापारी जागा देताना वकिलाशिवाय करार करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तोपर्यंत पाणी-वीज बंद केली तर निघून जाईल, असं ब्रोकर म्हणतो.

करू नका. अत्यावश्यक सेवा तोडणं हा याच कायद्याखाली गुन्हा आहे. कुलूप बदलणं, सामान बाहेर ठेवणं, सोसायटीच्या वॉचमनला सांगून अडवणं, यातलं काहीही केलंत की बाजू उलटते. काल तुम्ही तक्रारदार होता, आज पोलीस चौकीत उत्तरं देत बसता. आणि घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असतं, त्याचा या भांडणाशी काही संबंध नसतो.

पोलिसांना कळवणं खरंच गरजेचं आहे का?

पुणे, मुंबईसारख्या शहरांत पोलीस आयुक्त तसे आदेश काढतात आणि ते मोडणाऱ्या मालकांवर गुन्हे दाखल होतात. माहिती ऑनलाइन भरता येते, वीस मिनिटांचं काम आहे. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर २४ तासांच्या आत विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावं लागतं. त्यात चालढकल चालत नाही.

भाडेकरू निवडताना काय बघायचं?

नोकरीचं पत्र, गेल्या तीन महिन्यांची पगारपत्रकं, आधीच्या घरमालकाचा फोन. शेवटचं सर्वांत उपयोगी. आधीच्या मालकाला एकच विचारा: 'पुन्हा द्याल का यांना घर?' उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो त्यावरून कळतं.

आडनाव विचारून, काय खाता विचारून, बाई एकटी आहे म्हणून नाही सांगणारे मालक मी सेक्रेटरी असताना भरपूर पाहिले. हे अन्यायाचं आहेच, शिवाय त्याने धोकाही कमी होत नाही. आमच्या सोसायटीत सर्वांत मोठी थकबाकी ठेवून गेलेलं कुटुंब सगळ्या चाळण्यांतून 'पास' झालेलं होतं. त्यांच्या पगाराची पत्रकं मात्र कुणी मागितली नव्हती.

सोसायटी एनओसी देत नाही, नॉन ऑक्युपन्सी चार्जेस दुप्पट लावते. काय करू?

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट लायसन्सवर देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. सोसायटीला आधी कळवायचं, नोंदवलेल्या कराराची प्रत द्यायची, पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. नॉन ऑक्युपन्सी चार्जेसवर, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट दुसऱ्याला देतो म्हणून सोसायटी घेते त्या शुल्कावर, १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाने मर्यादा घातली आहे: सेवा शुल्काच्या १० टक्के, त्याहून जास्त नाही. सेवा शुल्क म्हणजे पूर्ण मेंटेनन्स बिल नव्हे. महापालिकेचे कर त्यातून वगळायचे. आई-वडील, मुलगा-मुलगी यांसारखे जवळचे नातेवाईक राहत असतील तर हे शुल्क लागत नाही. मी कमिटीत असताना आम्हीही चुकीने जास्त घेत होतो. एका सभासदाने शासन निर्णयाची प्रत समोर ठेवली, आम्ही जादा घेतलेले पैसे परत केले.

भाड्यातून हप्ता निघतो ना?

बहुतेक वेळा नाही. गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घेणाऱ्यांनी हा हिशोब बुकिंगआधी वहीत मांडावा. पुण्यातला ८० लाखांचा फ्लॅट धरू, भाडं २२,०००. मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार, नोंदणी ३० हजार. तुमचे खरे गुंतले ८५ लाख ९० हजार.

वर्षात एक महिना घर रिकामं राहील असं धरा, भाडं आलं २,४२,०००. मेंटेनन्स ३,२०० प्रमाणे वर्षाचे ३८,४००. नॉन ऑक्युपन्सी २,४००. मिळकतकर ११,०००. दोन वर्षांनी भाडेकरू बदलला तर ब्रोकरला एक भाडं, वर्षाला ११,००० पडले. रंग, प्लंबिंग, गीझर, सरासरी १५,०००. हातात राहिले १,६४,२००. गुंतवलेल्या रकमेवर दोन टक्क्यांना थोडं कमी, आणि यात अजून आयकर धरलेला नाही.

आता ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता सुमारे ५२,०००. भाड्यातून निम्मासुद्धा निघत नाही. मग फायदा फक्त किंमत वाढण्यावर उरतो, आणि किंमत वाढेल ही आशा आहे. त्यावर हप्ता भरता येत नाही. सहा महिन्यांचे हप्ते आणि मेंटेनन्स वेगळे बाजूला ठेवल्याशिवाय या भानगडीत पडू नका असंच मी माझ्या भाच्यालाही सांगितलं.

पुण्यात आणखी एक बारीक गोष्ट: स्वतः राहत असलेल्या घराला महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिलं की ती जाते. भाड्याने दिल्यावरही सवलत घेत राहिलात तर नंतर फरकाची मागणी येऊ शकते.

आयकर कसा लागतो?

भाड्यातून तुम्ही प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा होतो. उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्तीवर एक रुपया खर्च केला नसला तरी. त्यामुळे मेंटेनन्स, ब्रोकरेज, रंगकाम पुन्हा वेगळं दाखवता येत नाही. वरच्याच उदाहरणात २,४२,००० मधून ११,००० गेले, उरलेल्यावर ३० टक्के म्हणजे ६९,३०० गेले, राहिले १,६१,७००. त्यातून कर्जाचं व्याज, पहिल्या वर्षी सुमारे ५ लाख, वजा केलं की तोटा दिसतो सव्वातीन लाखांच्या वर. जुन्या करप्रणालीत त्यातले २ लाखच पगारासारख्या दुसऱ्या उत्पन्नातून वजा होतात, बाकीचा तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो आणि फक्त घराच्या उत्पन्नातून वजा होतो. नव्या करप्रणालीत हा तोटा पगारातून अजिबात वजा होत नाही. कर वाचेल म्हणून दुसरा फ्लॅट घेणाऱ्यांनी आधी आपण कोणत्या प्रणालीत आहोत ते बघावं.

भाडं महिना ५०,००० च्या वर असेल तर व्यक्ती असलेल्या भाडेकरूलाही २ टक्के टीडीएस (भाड्यातूनच कापून सरकारकडे भरायचा कर) कापावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या आधी तो ५ टक्के होता.

मुलगा अमेरिकेत आहे, फ्लॅट त्याच्या नावावर आहे. मी भाड्याने देऊ शकतो का?

देऊ शकता, त्याच्या कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अॅटर्नी). ते तिकडे रीतसर करून इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्या. टीडीएसची बाब गंभीर आहे. मालक अनिवासी असेल तर भाडं दहा हजार असो की लाख, भाडेकरूने ३० टक्के आणि वर उपकर कापून भरायचा असतो. बहुतेक भाडेकरूंना हे माहीत नसतं आणि घरमालकही सांगत नाहीत. नोटीस मात्र भाडेकरूच्या नावाने येते. त्याला अंधारात ठेवू नका, करारात लिहा. जास्त कापला गेलेला कर मुलाला रिटर्न भरून परत मागता येतो.

'हेवी डिपॉझिट' घेऊन भाडं माफ, हे कसं?

मुंबईत हे खूप चालतं. दहा-पंधरा लाख घ्यायचे, भाडं नाही किंवा नाममात्र. घेताना बरं वाटतं. ते पैसे तुम्ही कर्ज फेडायला किंवा लग्नाला वापरलेत आणि मुदत संपल्यावर परत देता आले नाहीत तर तो माणूस घर सोडणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. पैसे मुदत ठेवीत तसेच ठेवणार असाल तरच घ्या.

किल्ल्या देताना-घेताना काय करायचं?

दोघांनी मिळून घरभर फिरायचं. मी फोनवर एक सलग व्हिडिओ काढतो: मुख्य दाराच्या लॅचपासून सुरुवात, प्रत्येक नळ उघडून, प्रत्येक बटण दाबून, गीझरचा दिवा लागतो का, किचनच्या सिंकखाली ओल आहे का, बाल्कनीतली कबुतरांची जाळी फाटलेली आहे का, आणि शेवटी विजेच्या मीटरचा आकडा. तो व्हिडिओ तिथेच उभं राहून भाडेकरूला पाठवतो. किती किल्ल्या दिल्या तो आकडा मेसेजमध्ये लिहितो. दोन वर्षांनी 'हा ओट्याचा तडा आधीपासून होता' असं तो म्हणाला तर बहुतेकदा तो खरंच बोलत असतो, आपणच विसरलेलो असतो. डिपॉझिटवरचे निम्मे वाद इथे मिटतात.

वीजबिल तुमच्या नावावर असतं, थकलं तर तुमच्याच गळ्यात. बिल भाडेकरूने भरायचं असलं तरी ग्राहक क्रमांक स्वतःच्या फोनवर जोडून ठेवा आणि शेवटचं बिल येईपर्यंत थोडं डिपॉझिट मागे ठेवण्याची अट लिहा.

भाडेकरूला आमच्या पत्त्यावर जीएसटी नोंदणी करायची आहे, एनओसी मागतो.

राहण्यासाठी दिलेल्या घरावर देऊ नका. तो गेल्यावरही पत्ता नोंदीत राहतो, नोटिसा तुमच्या दारावर चिकटतात, आणि सोसायटी व महापालिका घराचा व्यापारी वापर चालू आहे म्हणून विचारणा करू शकतात. आधार किंवा पासपोर्टसाठी पत्ता द्यायला हरकत नाही.

घराचा विमा काढावा का?

काढावा. 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आग, पूर, भूकंप यांनी घर राहण्यालायक उरलं नाही तर बुडालेल्या भाड्याचीही भरपाई त्यात असते. भाडेकरूने भाडं बुडवलं तर मात्र ही पॉलिसी उपयोगाची नाही.

नवा केंद्रीय भाडे कायदा आला, आता दोनच महिन्यांचं डिपॉझिट घेता येतं, असा मेसेज फिरतोय.

केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडे कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या डिपॉझिटची मर्यादा आहे. तो आदर्श मसुदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय आपोआप लागू होत नाही. वर जे सगळं सांगितलं ते १९९९ च्या आपल्या राज्याच्या कायद्यावरून.

फ्लॅटवर कर्ज चालू आहे. बँकेला विचारावं लागेल का?

कर्जाच्या कागदपत्रांत बघा. बऱ्याच बँका भाड्याने देण्याआधी कळवण्याची किंवा संमती घेण्याची अट घालतात. एक अर्ज द्या, पोच घ्या, आणि ती पोच भाडेकराराच्याच फायलीत लावून ठेवा.